लाल रेघा

नारीन शहराला जाणारी मिनीबस अजून भरायची होती. मागच्या सीटवर बसलेली गुलझिना पुढच्या दोघींचं बोलणं ऐकत होती.

"शायिर, मेंढ्यांना गोचिडांच्या विषारी औषधात बुडवायचा तो हौद हलवला म्हणे?"

"हलवला. झऱ्याच्या वर होता, तो पार खालच्या अंगाला नेला."

"सरपंच तर म्हणायचा, माती घट्ट आहे, औषध वीतभरही उतरायचं नाही."

"म्हणून तर त्यालाच बोलावलं. लोकर रंगवून उरलेलं लाल पाणी हौदाशेजारी ओतलं नि दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात फावडं दिलं."

"खणलं त्यानं?"

"खणलं. वर माती लाल, खाली कोरडी. हसायला लागला. म्हटलं, बाबा, अजून खण. तर गांडुळांच्या बिळांतून, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून लाल रेघा सरळ खाली. कमरेइतका खड्डा झाला, तरी रेघा संपेनात."

"मग काय केलं त्यानं?"

"आधी झऱ्याकडे बघितलं. त्याची नात तेच पाणी पिते ना. मग स्वतः उभं राहून हौद फोडून घेतला, खालची माती उचलायला लावली."

"आणि पाणी?"

"यंदा तपासून आणलं. स्वच्छ. सगळ्या गावानं झऱ्यावरच चहा केला. पहिली वाटी सरपंचानं मला दिली, दोन्ही हातांनी."

गुलझिना पुढे वाकली.

"ताई, आमच्या गावचा हौद विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. थोडा रंग मिळेल का?"

"बादलीभर देते. ये, पुढे बस."