कोंडा कोणी काढला?

नाही, पण माझा गुन्हा काय, तेवढं तरी मला कोणी सांगेल का? खून केला? दरोडा घातला? कोणाच्या दारातली चप्पल तरी उचलली? तांदूळ पॉलिश केला हो, तांदूळ! बावीस वर्षं राईस मिलमध्ये पॉलिशच्या मशीनवर उभा आहे मी. भात येतो, पहिलं मशीन त्याचं वरचं कडक साल काढतं, ते तूस, ते जातं बॉयलरमध्ये जळायला. आतून निघतो तपकिरी तांदूळ, तो येतो माझ्याकडे. मी त्याच्यावरचा पातळ पापुद्रा घासून काढतो, तो कोंडा. कोंडा डावीकडच्या पोत्यात, तांदूळ उजवीकडच्या पोत्यात, बास, संपलं माझं काम! बावीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही की बाबा रे, तू करतोस तरी काय. माझ्या सख्ख्या मेहुण्याला अजून वाटतं मी फर्निचरला पॉलिश मारतो, दोनदा टेबल घेऊन आलाय तो माझ्याकडे… आणि आता? आता गल्लीतून जातो तर लोक खिडक्या उघडून बघतात. "हाच तो! कोंडा काढणारा!" अहो, मी आपला मशीनवाला माणूस! बटण दाबलं की सुरू, बटण दाबलं की बंद!

झालं काय, वाचनालयाच्या हॉलमध्ये एका आहारतज्ज्ञ बाईंचं व्याख्यान होतं. प्रवेश मोफत आणि वर पंखे चालू, म्हणून आमची ही गेली. मी नव्हतो, पण तुम्हाला सांगतो, तिथे काय घडलं ते मला आतापर्यंत अकरा जणांनी सांगितलंय आणि अकराही जणांनी हातवारे करून. तर बाईंनी टेबलावर दोन ताटल्या मांडल्या. एकीत पांढराशुभ्र तांदूळ, दुसरीत कोंडा. आवाज कसा, हळू, पण आत घुसणारा, दाताच्या डॉक्टरच्या मशीनसारखा… "बघा, या तांदळात काय उरलंय? पिष्ट! नुसतं पिष्ट! आणि या कोंड्यात? तंतू आहेत! ब जीवनसत्त्व आहे, ई जीवनसत्त्व आहे, मॅग्नेशियम आहे, लोह आहे, प्रथिनं आहेत, चांगलं तेल आहे! आणि हे आपण घालतो कोणाला? गुरांना! मला सांगा, तुमच्या ताटातलं हे पोषण काढून घेतलं कोणी?"

आता हा प्रश्न काय उत्तरासाठी असतो का? व्याख्यानातला प्रश्न हो! विचारायचा, जरा थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं, पुढे जायचं. पण आमची ही शाळेपासून पहिल्या बाकावरची. हिने हात वर केला, उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या मिस्टरांनी!"

हॉल गार! बाईंचा पाण्याचा पेला ओठांपाशीच. मागच्या रांगेत कोणीतरी "अगं बाई गं!" केलं. बरं, तेवढ्यावर हिचं भागलं? छे! "बावीस वर्षं काढतायत," म्हणाली, "रोज आठ तास. घरी कधी बोलले नाहीत."

घरी कधी बोलले नाहीत! जसं काही माझं बाहेर दुसरं बिऱ्हाड आहे!

घरी आली ती पर्ससकट माझ्यासमोर उभी. मी मोजे काढत होतो, एक निघाला होता, एक पायात. "खरं खरं सांगा," म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?" म्हटलं, "काय?" "त्यात मॅग्नेशियम असतं ते!" अगं, माझ्या मशीनवर तीन दिवे आहेत, हिरवा, पिवळा, लाल. मॅग्नेशियमचा दिवा नाहीये त्याला! पण ऐकतंय कोण? हिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. हिचे गुडघे, मी. थोरल्याचे गळणारे केस, मी. धाकटीचं गणित… म्हटलं, "अगं, गणिताचा काय संबंध?" "तुम्ही बोलूच नका, तुम्ही काढणारे!" मी म्हटलं, मी आपला मशीनवाला माणूस, मालक सांगतात तेवढं घासतो. तर म्हणाली, "हेच, सगळे असंच म्हणतात."

दुसऱ्या दिवशीची गंमत ऐका. कोंड्यात काम करणारा माणूस मी, भुवयांवर कोंडा, कानात कोंडा, शर्टाच्या खिशात तर मूठभर. बावीस वर्षं हिचा नियम काय? शर्ट बाहेर झटकल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. मी आपला सवयीप्रमाणे दारात शर्ट काढला, झटकणार… "थांबा!" मला वाटलं साप! ही आतून वर्तमानपत्र घेऊन धावत. जमिनीवर पसरलं, मला त्याच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाली, "आता झटका. हळू. इकडेतिकडे उडवू नका, ब जीवनसत्त्व आहे त्यात." समोरच्या बिऱ्हाडातले सगळे दारात उभे, मी बनियनवर, आणि ही माझी विजार गुडघ्यापासून खाली टपल्या मारत झाडतेय! मग ते सगळं चाळणीतून चाळलं. दोन बटणं आणि एक बसचं तिकीट निघालं. बाकीचं बरणीत!

न्हाव्याकडे गेलो तर तो डोक्यात बोटं घालून म्हणतो, "साहेब, कोंडा फार झालाय." मी इतका पिचलेलो, म्हटलं, "राहू दे, आमची ही विचारेल कुठे टाकला म्हणून."

आणि शेजारी! आमच्या वरच्या मजल्यावर घड्याळजी काका राहतात. अख्ख्या गावाची घड्याळं सेकंदावर चालवणारा माणूस, पण स्वतःचं पोट? तीस वर्षं बंद पडलेलं! सकाळी साडेसहाला दारावर थाप. उघडलं तर काका, डोळ्याला ते एका डोळ्याचं भिंग तसंच. "तू? तू काढलेस माझे तंतू? रोज जिन्यापाशी भेटतोस, नमस्कार करतोस, आणि माझी तीस वर्षं…" म्हटलं, "काका, मी मिलमध्ये लागून बावीसच वर्षं झाली." ते थांबले. मनात वजाबाकी केली. "मग आधीची आठ वर्षं कोण होता?" म्हटलं, "माझ्या आधीचा ऑपरेटर." तर खिशातून वही काढून म्हणाले, "त्याचा पत्ता सांग!"

काय करणार? म्हटलं, एवढाच जीव अडकलाय तर घ्या बाबांनो कोंडा! मालकांना विचारलं, मालक म्हणाले ने. मालक नेहमी ओरडूनच बोलतात, आयुष्य मशीनच्या आवाजात गेलं ना, "ने! ने पिशवीभर! कोंडाच तर आहे!" मी पिशव्या भरून आणल्या, दारोदार वाटल्या. आणि प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, बघा, हा कोंडा म्हणजे पीठ नव्हे. याच्यात तेल असतं. मशीनमधून निघाला की तासातासाला बिघडायला लागतो, दोन दिवसांत कडू होतो. तेव्हा आजच्या आज मंद आचेवर भाजा, गार करा, झाकून ठेवा, आणि चमचा-दोन चमचेच खा. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या कामातलं काहीतरी सांगायची संधी मिळाली होती हो… ऐकलं कोणी? "तू मशीनवाला, तुला पोषणातलं काय कळतंय!" म्हणजे गुन्हेगार म्हणून मी मोठा तज्ज्ञ, आणि सल्ला द्यायला मी आपला मशीनवाला माणूस!

चौथ्या दिवशी अख्ख्या जिन्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. सगळे बरण्या घेऊन माझ्या दारात. "कडू लागतोय! तू मुद्दाम खराब दिलास!" घड्याळजी काकांनी मात्र भाजला होता, माणूस शिस्तीचा. फक्त चमच्याऐवजी वाटी घेतली, दोन वेळा, म्हणाले, तीस वर्षांचं मागचं भरून काढायचंय. तुम्हाला सांगतो, दुकान तीन दिवस बंद! घराच्या दारावर पाटी, "मालक आत आहेत." गिऱ्हाईकं यायची, पाटी वाचायची, दार वाजवायची, आतून आवाज यायचा, "अजून आत आहे!" तीन दिवसांनी बाहेर आले, तोंड उतरलेलं, पण डोळ्यांत तेज. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बाळा, चालू झालं." मला वाटलं, चला, एक तरी माणूस सुखी झाला… पुढचं वाक्य काय? "मग बावीस वर्षं का अडवून ठेवलंस रे?"

हे थोडं म्हणून गवळी! आमच्या मिलचा कोंडा आधी त्याच्या गाईंना जायचा. आता पोती रिकामी. एक दिवस सायकल माझ्या दाराला टेकवून आत आला, मोठा शांत माणूस, शांतपणेच म्हणाला, "भाऊ, कोंडा आता माणसं खातात ना?" म्हटलं, "हो बाबा." "माझ्या गाई आटल्या." म्हटलं, "वाईट झालं." "मग उद्यापासून दूध माणसांचंच काढा." आणि गेला! आमची ही बिनदुधाचा चहा माझ्यापुढे आदळून म्हणते, "बघा, आता दूधही काढून घेतलंत."

मी मग विचार केला. मशीनपाशी उभा राहून केला, कारण घरी विचार करायला जागा उरली नव्हती. म्हटलं, यांना कोंडा पाहिजे, आणि तो मी काढतो, हीच तक्रार आहे ना? मग नको काढायला! माझ्या मशीनला एक वजन असतं, ते मागे सरकवलं की दाब कमी होतो, पापुद्रा दाण्यावरच राहतो. गुरुवारी सकाळी सरकवलं. दिवसभर तांदूळ निघाला तो तपकिरी, सगळं पोषण जिथल्या तिथे. तुम्हाला खोटं नाही सांगत, मी दाणे तळहातावर घेतले आणि मला भरून आलं. आता लोक म्हणतील, हाच तो, कोंडा ठेवणारा!

शनिवारी पोती परत! "हा काय मळका तांदूळ?" "शिजतच नाही!" "चावून चावून जबडा दुखला!" कोण म्हणत होतं? तेच! बरण्यावाले! घड्याळजी काका तर चिमट्यात एक दाणा धरून आले, "हे काय आहे?" मी आपल्या घराकडे आशेने गेलो. ही चुलीपाशी घामाघूम, पाऊण तास तांदूळ शिजवतेय. "अहो, हे काय आणलंत?" म्हटलं, "अगं, मॅग्नेशियम आहे त्यात!" तर म्हणाली, "ते वेगळं, आणि भात वेगळा! भात पांढराच हवा!"

मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मालक हळू बोलले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "तुझ्या मशीनचा एक दाणा कधी परत आला नव्हता रे," म्हणाले. "उद्यापासून पोती शिवायला बस." माझ्या जागी कोण? तर ट्रकवर माल चढवणारा! त्याला मशीनचा आवाज कळत नाही, मला पोती शिवताना भिंतीपलीकडून कळायचं की हा दाब जास्त देतोय, दाणे तुटतायत… सुई बोटात जायची. घरी आलो की शर्टावर कोंडा नाही. ही वर्तमानपत्र पसरायची, मी झटकायचो, काही पडायचं नाही. चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी वर्तमानपत्राची घडी घातली, पर्स घेतली आणि मिलवर गेली.

मी पोत्यांच्या आडून ऐकत होतो. मालक ओरडून, "बाई, तुमच्याच माणसाने माल खराब केला!" आणि ही त्यांच्यापेक्षा चढ्या आवाजात, "खराब? कोंडा कधी भाजायचा, किती खायचा, कधी कडू होतो, हे गावात एकाच माणसाला कळतं, आणि त्याला तुम्ही सुईदोरा देता? लोकांना भात पांढराही हवाय आणि पोषणही हवंय. दोन्ही कसं द्यायचं ते त्यांना विचारा. त्यांना सगळं येतं, फक्त ते घरी बोलत नाहीत!"

माझे डोळे भरून आले हो. सुई हातातच राहिली.

आणि मालकांनी ऐकलं! मला परत माझ्या मशीनवर उभं केलं. एवढंच नाही, महिन्याभरात शेजारी दुसरं मशीन आणून बसवलं, नवं कोरं, पाच दिव्यांचं. म्हणाले, "हेही तूच चालवायचं!" म्हटलं, "मालक, हे काय करतं?" तर हे मशीन काय करतं ऐका. पांढरा तांदूळ आत घालायचा. भाजलेला कोंडा वरून सोडायचा. आणि ते मशीन तो कोंडा त्या तांदळाला वरून पुन्हा पातळसा चिकटवतं! पिशवीवर छापलंय, "कोंडायुक्त, पौष्टिक." पहाटे रांगा लागतात. आहारतज्ज्ञ बाई स्वतः येऊन गेल्या, फोटो काढून गेल्या. म्हणजे सकाळी पहिल्या मशीनवर मी कोंडा काढतो, आणि दुपारी दुसऱ्या मशीनवर तोच कोंडा, त्याच तांदळाला, मीच परत लावतो!

परवा राहवेना. मालकांना गाठलं, म्हटलं, "मालक, रागावू नका, मला आपलं एक कळत नाही. परत लावायचाच आहे, तर मग काढायचा कशाला?"

मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी आजच कामाला लागलोय. खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेने ओरडले, "अरे वेड्या, काढला नाहीस तर लावशील काय?"

…विचार केला. बरोबर आहे. लावणार काय?