वाकडं फुटरेस्ट

दुसऱ्याचं पाहून गाडी बनवली का जिंकता येते, असं मले तरी सांगू नका बे. मलकापूरच्या कॉलेजात असताना आम्ही रेससाठी गो-कार्ट बनवली होती. त्या साली नांदुऱ्याची टीम सगळीकडं जिंकून राह्यली होती. आम्ही चोरून त्यांच्या गाडीचे फोटो काढले अन् सगळं तसंच्या तसं उतरवलं. त्यांच्या सीटमागं मोटरसायकलचं एक वाकडं फुटरेस्ट वेल्डिंग केलेलं होतं. आमचा प्रशांत म्हणे, "वळणावर गाडी याच्यानंच धरून राह्यते." मंग आम्ही भंगारातून फुटरेस्ट आणलं अन् हातोड्यानं ठोकून ठोकून तितकंच वाकडं केलं.

हरलोच. रेस झाल्यावर त्यांचा ड्रायव्हर इरफान आमच्या गाडीपाशी आला अन् त्या फुटरेस्टवर हात ठेवून उभाच राह्यला.

प्रशांतनं विचारलं, "भाऊ, याचा नेमका फायदा काय होते?"

"फायदा काहीच नाही. आमची गाडी समीरनं बनवली होती. हायवेवर ट्रकखाली गेला तो. त्याच्या मोटरसायकलचं तेवढंच हाती लागलं, म्हणून लावलं."

इरफाननं हात काही काढला नाही.

"मले वाटलं," तो म्हणे, "तुमचंबी कोणी गेलं असन."