सड्यावर खोली दाखवणारी बाई

ऐका. ओ ताई, तो मोबाईल जरा पालथा घाला. खोल्यांचे फोटो उद्या बघा. "काका, पाण्याला अगदी लागून, एकटं असं एखादं घर आहे का हो?" असं मघाशी विचारलंत ना? म्हणून सांगतोय. सरका जवळ. मागे खसफस होतेय ती आमची म्हैस, तिच्याकडे लक्ष नको.

तर इचलकरंजीचं जोडपं. दिनकर चौगुले आणि त्यांची बायको पुष्पलता. कापडाचे माग होते त्यांचे. सगळा जन्म त्या खडखडाटात गेला. लेकीचं लग्न उरकलं आणि पहिल्यांदाच दोघं फिरायला निघाली. पहिल्यांदा! पुष्पाताईंची एकच हौस. हॉटेल नको, चौकोनी डबा नको. राहायचं तर अशा घरात, जे परत कुठं बघायला मिळणार नाही. रात्री उशाला गाज पाहिजे. आमची खोली त्यांनी फोनवर ठरवली होती, हीच, गोठ्याशेजारची. पण बाईंचं मन काही भरलं नव्हतं.

घाटात उशीर झाला. आमच्या खारवण्याच्या सड्यावर आले तेव्हा काळोख पडलेला. येताना बघितलात ना सडा? नुसता कातळ. झाड नाही, माणूस नाही. आणि वारा तर असा, की गाडीचं दार उघडताना हातातून सुटतं!

तिथं तो फाटा आहे. उजवीकडची वाट इकडे गावात येते, डावीकडची खाली खाडीत उतरते. त्या फाट्यावर, गाडीच्या उजेडात, एक बाई उभी. हिरवं लुगडं. तळहातावर दिवा. कंदील नव्हे हो, उघडा दिवा!

चौगुल्यांनी काच खाली केली. "काकी, खारवण्याला कुठनं जायचं?"

बाई रस्त्याचं बोललीच नाही. हसली नुसती. "राहायला घर बघताय? कसलं आवडतं तुम्हाला?"

ऐकलंत? कसलं आवडतं!

पुष्पाताई हरखल्याच. "कौलारू आवडतं. पडवीत झोपाळा पाहिजे बघा."

"आहे की. हे काय, इथंच."

आणि होतं! दोघं गाडीतून उतरली, चार पावलं डावीकडच्या वाटेनं गेली तर समोर घर. लाल कौलं, सारवलेलं खळं, पडवीत झोपाळा हलतोय. अहो, माझा जन्म गेला या गावात. त्या सड्यावर कधी कुडाची झोपडी नव्हती!

पुष्पाताई झोपाळ्यावर बसल्या. पाय जमिनीला लावून झोका घेतला. पण मन हो! मन कधी थांबतं? "सगळं छान आहे, पण समुद्र दिसत नाही."

"त्याला काय झालं," ती म्हणाली. "खाली आहे ना दुसरं."

निघाली पुढे. दिवा पुढे, ही दोघं मागे. उतार लागला. माडांच्या बागेत दुसरं घर. मोठी खिडकी आणि खिडकीत समुद्र, चमचमता. आता चौगुल्यांनाही चेव आला. इतका वेळ कुरकुरत होते, "अगं, चल, ती माणसं वाट बघत असतील." तेच म्हणाले, "दिसतोय खरा, पण गाज कुठं ऐकू येतेय?"

"त्याला काय झालं. खाली आहे ना."

खाली! कळतंय का तुम्हाला? जे मागाल ते मिळतंय. पण प्रत्येक वेळी खाली!

तिसरं घर पाण्यालाच टेकलेलं. लाकडी पायऱ्या, पायऱ्यांवर लाटा आपटतायत. आत पांढरीशुभ्र गादी. पुष्पाताई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटायला लागल्या. "अवो, हेच! हेच घर!" आणि बसल्या गादीवर. गादी गार. ओली.

"दमट असायचंच," त्या म्हणाल्या.

चौगुले म्हणाले, "असू दे. काकी, जरा चहा मिळेल का?"

त्या बाईनं पहिल्यांदाच नाही म्हटलं. म्हणाली, "आमच्यात चूल नसते."

"मग दिवा कशावर पेटवलात?" पुष्पाताईंनी सहज विचारलं. विचारता विचारता दिव्याकडं बघितलं. खिडक्या सताड उघड्या. वारा घोंघावतोय, पुष्पाताईंचा पदर उडतोय. आणि ज्योत? ज्योत सरळ! हलत नाही, डुलत नाही, भिंतीवर रंगवावी तशी. बाईंनी बोट पुढं केलं. त्या ज्योतीत घातलं.

गार! विहिरीच्या पाण्यासारखी गार!

"अवो!" बाई किंचाळल्या. "हा दिवा गार आहे!"

फट्! दिवा गेला. घर गेलं. गादी गेली. दोघं कंबरभर पाण्यात, खाडीच्या तिवरांच्या झाडीत, पाय चिखलात रुतलेले आणि भरती चढतेय!

त्यांनी एकमेकांचा हात धरला. पाय ओढत, मुळं धरत काठाकडं निघाले. बोलायला श्वास नाही. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. आणि ऐका आता. मागून, पाण्यातून, चौगुल्यांचा आवाज आला.

"पुष्पा, अगं, मी इथं मागं राहिलो. तू कुणाचा हात धरलायस?"

पुष्पाताईंच्या हातातला हात ओला, गार. पुढचा माणूस काही बोलत नाही. आवाज अगदी नवऱ्याचा, तीच धाप. "सोड तो हात! पुष्पा, मी बुडतोय गं!"

काय करणार? तुम्ही काय केलं असतं? सोडला आणि तोच नवरा असला तर? नाही सोडला आणि...

बाईंनी काय केलं माहिताय? तो हात तोंडाशी आणला आणि बोटाला कचकन् चावल्या!

"आई गं! येडी झालीस काय? मलाच खातीस व्हय!" पुढचा माणूस बोंबलला. अस्सल इचलकरंजी! बाई रडता रडता हसल्या आणि ते बोट त्यांनी असं आवळलं की सोडायचं नाव नाही. मागचा आवाजही हसला म्हणे. पण तो बाईमाणसाचा होता.

इकडे मी आणि शेजारचा रघुवीर शोधायला निघालो होतो. फोन लागेना, आणि फाट्यावर गाडी उभी, दारं उघडी, दिवे चालू. दिवेवाल्या बाईचं लहानपणापासून ऐकून होतो, मी काय ते समजलो. झावळांची चूड पेटवली आणि हाका मारत उताराला लागलो. वाऱ्यानं ज्वाळा नुसत्या आडव्या होत होत्या, ठिणग्या उडत होत्या. पुष्पाताई सांगत होत्या, त्यांना वर तो जाळ दिसला. हलणारा, भडकणारा, धुराचा जाळ! त्याच्या रोखानंच ती दोघं वर आली. काठाला लागली तेव्हा तिवरांच्या शेंड्यांना पाणी टेकलं होतं.

त्या रात्री आमच्या चुलीपुढं बसून दोघांनी मला हे सगळं सांगितलं. चौगुल्यांच्या बोटाला मी हळद लावली. सकाळी निघताना पुष्पाताईंनी आमच्या मंडळींना मिठी मारली, पण खाडीकडं मान वळवली नाही.

तेव्हा घरं बघा, हौसेनं बघा. पण दिवसाउजेडी. सड्यावरच्या त्या डाव्या वाटेला कधी जायचं नाही. आणि फाट्यावर दिवा घेतलेली बाई दिसलीच, तर गाडी थांबवू नका, काच खाली करू नका, आणि कसलं घर आवडतं ते मनातसुद्धा आणू नका. तिला तेवढंही ऐकू येतं.