कामास हरकत नाही

लगागा लगागा लगागा लगागा! पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्गातला तो घोष आणि आम्हा पोरांच्या डोलण्यानं करकरणारे बाक अजून कानांत आहेत. अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या कान-नाक-घसा विभागाच्या डॉक्टरीणबाई आणि माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, निवृत्तीच्या दिवशी म्हाताऱ्याला आधी शाळा आठवली, एवढं चालवून घ्या.

गुरुजी म्हणायचे, "डोला रे! अंग हललं की वृत्त कानात उतरतं." आणि मी पोटासाठी काय केलं? चौतीस वर्षं कान तपासायला माणसांना बंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले आणि एकच पालुपद लावलं: "ताठ बसा, हलू नका."

आत्ता मानपत्रात 'एकही चूक नाही' असं वाचलं गेलं. मंडळी, ते खरं नाही.

चार वर्षांपूर्वी एक रंगारी आला. म्हणाला, "साहेब, जमिनीवर ठीक असतं हो. शिडीवर मान वळवली की खालची हाक भलतीकडूनच येते."

मी म्हटलं, "मग काय, शिडीवर चढवून तपासू?"

"तपासा की! भिंत तेवढी रंगवून देतो."

दोघंही हसलो. मी त्याला ताठ बसवूनच तपासलं. आलेख सुरेख आला. लिहिलं, 'श्रवण उत्तम. कामास हरकत नाही.'

महिन्याभरात तो पडला. खालून कुणी "सांभाळ!" म्हणून ओरडलं, आणि हा भलत्याच बाजूला वळला. कंबर गेली.

डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच समजावलं. कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच तोल राखणारा भाग असतो. डोकं कुठं वळलं, किती कललं, याची खबर तो मेंदूला देतो. मेंदू ती खबर आणि आवाज यांचा मेळ घालून ठरवतो, हाक कुठून आली. रंगाऱ्याची ती खबरच चुकत होती. ताठ बसवलेल्या माणसात मला ती दिसणार कशी? माझ्या गुरुजींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, असंच म्हणायचं!

असो. चूक कुणाच्या हातून होत नाही? पण पुढचं ऐका. हे सगळं कळल्यानंतर चार दिवसांनी त्याची बायको आली. "साहेब, मुकादम म्हणतो, यांचाच निष्काळजीपणा. मीही यांना नको नको ते बोलले. कानाचं काही होतं का हो?"

आणि शेकडो कविता पाठ असलेला हा हळवा माणूस म्हणाला, "छे! कान उत्तम होते."

ती निघून गेली. म्हणून हे मानपत्र मला घेववत नाही.

आपण सर्वांनी जीव लावलात, ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर पोटात घाला. उरलेली माफी तुमच्या हातची नाही, ती...

दारात कोण? शिपाईदादा, अडवू नका! ह्या त्याच बाई. विभागाला कुलूप दिसलं म्हणून इकडे आल्या असतील. हातात केसपेपर आहे. या वहिनी, अशा पुढे या. माइक बंद करू नका कुणी.

वहिनी, तुमच्या यजमानांची काही चूक नव्हती. मला तेव्हाही माहीत होतं.