ठेंगणी चौकट

वाटूर फाट्यावर दोघी जणी बसची वाट पाहत होत्या.

"आसराबाई, आज लई खुशीत?"

"अगं नंदा, आमच्या दाराची दगडी चौकट पाहायला पुण्याची माणसं आल्ती. नदीकाठच्या गावांत इतकी जुनी चौकट दुसरी न्हाई म्हणले. पेपरात फोटो आला."

"तुम्ही तोडायला निघालता, तीच?"

"तीच. माझ्या पोराला, शिवाला, पोरगी द्यायला आल्ता त्या बापाचं टकुरं चौकटीला आपटलं. असल्या घरात पोरगी देत न्हाई म्हणून निघून गेल्ता."

"मंग?"

"सकाळी त्याचाच फोन. लग्नाचे फोटो चौकटीपुढंच काढू म्हणून राह्यला."

"मंग आता उंच करून घेता का चौकट?"

"बिलकुल न्हाई. बोलणी करायला येईल, तवा वाकून येईल."