परमिट कुणाच्या नावावर

नाही, तसं नाही म्हणत मी. रॉयस चांगला माणूस आहे असं मी शनिवारी तुला फोनवर सांगितलं आणि ते वाक्य मी मागं घेत नाही — चांगला आहेच तो, बोलायला. तू आधी बस, कॅन्डेस. त्या खुर्चीत नको, वरून भुसा पडतो. अशी माझ्या बाजूला ये. चहातला बर्फ विरघळून गेला असेल, चालेल ना? तुझा नवरा समुद्रावरच्या तेलविहिरीवरून कधी परतायचा — जूनच्या शेवटी? म्हणजे छपराचं काम कुणाला द्यायचं ते ठरवायचं तूच. मग मला विचारायला आलीस हे बरं केलंस. रॉयसनंच पाठवलं ना तुला? 'मिस वर्नांना विचार, त्यांचं घर मीच बांधतोय' — हो, असंच म्हणतो तो. बांधतोय. त्यात एक अक्षर खोटं नाही.

सगळं सांगते, पण क्रमानं. घरात शिरताना बूट काढतो. तोंडात शिवी नाही. चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसतो आणि खालच्या पट्टीत गातो, अगदी सुरात. वादळानं गल्लीतली छपरं नेली तेव्हा ताडपत्री घेऊन पहिला तोच धावला — आणि म्हणून तर मी फसले. म्हणजे, फसले असं नाही. माणूस ओळखीचा असला की त्याला प्रश्न विचारायची आपल्याला लाज वाटते, एवढंच म्हणायचं होतं मला. तरी मी लायसन्सचा नंबर पाहिला हं. सगळा जन्म शाळेच्या ऑफिसात पोरांचे दाखले तपासण्यात गेला माझा; मला सहजासहजी कुणी गुंडाळत नाही. त्याच्या गाडीच्या दारावरचा नंबर उतरवून घेतला, राज्याच्या वेबसाइटवर घातला — चालू, मुदतीत, एकही तक्रार नाही. समाधानानं कॉम्प्युटर बंद केला. आता तू सांग, त्या नंबरापुढं नाव कुणाचं होतं? — तूही नाही ना पाहिलंस? त्याच्या काकाचं. म्हातारा तिकडं अलाबामात वृद्धाश्रमात आहे, पुतण्याला ओळखतो की नाही देव जाणे. लायसन्स खरं, निष्कलंक — फक्त माझं छप्पर उतरवणाऱ्या माणसाचं नाही. नाव वाचायचं असतं, कॅन्डेस. आणि विम्याचा कागद त्यानं खिशातून काढून दिला तर घ्यायचा नाही. तो विमा कंपनीकडून थेट आपल्याकडे यायला हवा. किती साधं आहे, नाही का? सगळं झाल्यावर फार साधं वाटतं.

पण तेवढ्यावर भागलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. खरी गाठ बसली ती बांधकामाच्या परमिटला. रॉयस म्हणाला, बिल्डरच्या नावानं अर्ज केला तर वादळानंतरच्या गर्दीत महिनोन्‌महिने जातील. घरमालकाला मात्र स्वतःचं घर स्वतः बांधायची कायद्यानं मुभा आहे, मालकाचं परमिट हातोहात मिळतं. आपलंच घर, आपलीच सही, त्यात काय एवढं? मला पटलं. पटलं म्हणजे — पटवून घेतलं मी. काउंटी ऑफिसच्या खिडकीत लॉरेटा होती. शाळेत उशिरा यायची तेव्हा तिची चिठ्ठी मीच सही करून वर्गात पाठवायची. तिनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, तसा नियमच आहे — काम मी स्वतः करते किंवा माझ्या देखरेखीखाली करवून घेते, इथं राबणारा माणूस माझा नोकर, त्याला काही झालं तर जबाबदार मी. मग चष्मा काढून ठेवला आणि मला म्हणाली, 'म्हणजे छपरावर तुम्ही चढणार, मिस वर्ना?' गुडघ्याला पट्टा बांधून उभी होते मी. म्हटलं, 'हो.' दुसरं कुणी असतं तर तिनं आल्या पावली परत धाडलं असतं. पण मिस वर्ना हो म्हणाल्या म्हणजे हो. शिक्का मारताना वर पाहिलंसुद्धा नाही तिनं.

जरा हळू बोल, आत एव्हेलिओ झोपलाय. — तुला माहीत नव्हतं? कसं असणार, मी कुणाला सांगितलंच नाही. रॉयसचा माणूस तो. छपरावरून पडला, मांडीचं हाड गेलं. हॉस्पिटलच्या दारात रॉयस टोपी हातात घेऊन उभा होता, अगदी नम्रपणे मला म्हणाला, 'परमिट तुमच्या नावावर आहे, मिस वर्ना. कायद्यानं तो तुमचा माणूस.' ज्याचं आडनावही मला ठाऊक नव्हतं तो माझा माणूस. मग काय करणार? घरी घेऊन आले. मक्याची लापशी आवडत नाही त्याला, तरी मुकाट संपवतो, आणि कुबड्या सावरत वाडगा विसळायला उठतो, मी रागावते. घराच्या विमेवाल्यांनी हात वर केले. त्याचा भाऊ भेटायला येतो तेव्हा आत येण्याआधी रस्त्यावर उभा राहून घर न्याहाळत असतो. त्यांचा वकील काय म्हणाला ते मला सांगत नाही. मी दोष देत नाही त्याला, मीही तेच केलं असतं.

दुसरा बिल्डर? पाहिले ना. खरे लायसन्सवाले, नाव वाचून बोलावलेले. येतात, उघड्या तुळयांकडे बघतात, परमिट कुणाचं विचारतात, आणि दुसऱ्याच्या हातचं अर्धं काम आम्ही अंगावर घेत नाही म्हणून निघून जातात. तक्रार करायची तर पहिल्याच ओळीत लिहावं लागेल की मी सरकारी खिडकीत खोटं बोलले. घर विकायचं तर छप्पर नाही, आतल्या खोलीवर नुसती ताडपत्री. राहायचं तर — जून, वादळांचा मोसम, तोंडावर आलाय, कॅन्डेस. पुढचं वादळ काही माझी कागदपत्रं पुरी व्हायची वाट बघणार नाही. आत एक माणूस झोपलाय ज्याला उठून पळता येत नाही. हे घर माझं आहे असं मी म्हणत होते इतकी वर्षं. आता मी या घराची आहे.

रॉयस ईस्टरपासून फिरकला नव्हता. गेला सोडून त्याआधीच्या रविवारी चर्चच्या आवारात भेटला. म्हणाला, तुमच्या शेजारची कॅन्डेस विचारेल, तिला फक्त खरं ते सांगा, मी चांगला माणूस आहे म्हणून. तिचं काम धरलं की माणसं याच गल्लीत असतील, त्याच आठवड्यात तुमचंही छप्पर झाकून टाकतो. बस्स, एवढंच. धमकी नाही, काही नाही. वर माझा हात धरून पायरी उतरवली त्यानं मला. आणि मग शनिवारी तुझा फोन आला.

— काय म्हणालीस? सकाळी? तू आज सकाळीच जाऊन आलीस काउंटीत? मालकाचं परमिट, तुझ्या नावावर. आणि लॉरेटानं विचारलं नाही, छपरावर कोण चढणार ते? — विचारलं. मग? — 'मिस वर्नांनीही असंच केलं', असं सांगितलंस. आणि तिनं शिक्का मारला. असं. रॉयसनंच सांगितलं होतं ना, माझं नाव घे म्हणून.

मग तो सोमवारी येतोय म्हणजे. माणसं घेऊन? नक्की सोमवारीच म्हणाला? — नाही, काही नाही गं. मी आपलं सहज विचारलं. तोंडातून गेलं माझ्या.

चहा ठेव तो खाली. ऐक. काम सुरू व्हायच्या आत परमिट रद्द करून घेता येतं. एक खिळा ठोकला गेला की मग नाही सुटका. मला हे कसं ठाऊक ते विचारू नकोस, मी माझ्यासाठी विचारायला गेले होते, उशिरा गेले होते. तुझ्या छपरावर अजून कुणी चढलेलं नाही. ऑफिस अजून उघडं आहे. लॉरेटा विचारेल, सकाळी घेतलंस आणि दुपारी का परत करतेस? तिला सांग, मिस वर्नांनी पाठवलं. पुढचं विचारलं तर — तर म्हणावं, त्या येऊन स्वतः सांगतील. असंच सांग. येईन मी.

फोन वाजतोय ना आत, तोच असेल. मी काय सांगितलं ते ऐकायचं असेल त्याला. नाही, उचलत नाही मी, एव्हेलिओ जागा झाला तर होऊ दे. तू जा. त्या संत्र्याच्या झाडापलीकडे गेलीस की मग फोनचं बघते. मागं वळून काय बघतेस, जा.