लाल पंपाले निळा रंग

सकाळचे नऊ. वाशीम जिल्ह्यातल्या एका लहान गावाबाहेरची मळेवस्ती. हातपंपाच्या पाण्याचा नमुना घ्यायला एक कर्मचारी आला आहे. पंपाला लागून मळा असलेल्या गोजराबाई बोलत आहेत.

— भरा ना बाटली, मी कायले अडवू? इतकंच म्हनून राह्यली, का मागच्या उन्हाळ्यातबी असाच एक भाऊ बाटली भरून घेऊन गेला व्हता. मंग दुसरा आला, त्यानं पंपाले लाल रंग मारला — कपडे धुवा, भांडे धुवा, पन हे पानी पिऊ नका. नाही पेलो. गावातल्या टाकीवरून हंडे आनले, मान मोडली, पन नाही पेलो. सावलीत या, ऊन लागते. — मंग एका मोठ्या साहेबाचा दौरा निघाला. दौऱ्याच्या आंधी पंप निळा झाला, नवाकोरा, झेंडूचा हार, नारळ. आता तुमीच सांगा, लाल म्हनजे खराब हे तुमच्याच मानसानं शिकवलं ना? मंग लाल गेला म्हनजे पानी सुधरलं, नाही तं काय समजाव आमी? साऱ्या वस्तीनं हंडे भरले. मीबी.

अन् त्याच टायमाले वर्षारानीचं, माह्या सुनंचं, बाळंतपन झालं. तिच्या अंगावर दूध नाही, नातीले पावडरचं द्या लागे. नर्सबाई म्हने पानी उकळून द्या. उकळलं बाप्पा! कोनी उकळते तसं नाही — भगुनं अर्धं होईपर्यंत उकळलं. लेकराचे ओठ जांभळे, नखं जांभळी. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. आता तिथला डॉक्टर म्हनते, ह्यात नायट्रेट हाये, उकळलं तं पानी उडते अन् ते मांगं राहते, अजून घट्ट होते. म्हनजे मी जितकं जास्त उकळलं तितकं... जाऊ द्या.

काय म्हनता? युरिया? — हो, टाकते ना माहा पोरगा दिनेश. पंपापासून पार बांधापर्यंत सांबार हाये, तुमी कोथिंबीर म्हनता तो, तो असा हिरवागार कशानं होईल मंग? सारेच टाकतात. वाशीमच्या बाजारात पिवळा सांबार कोन घेते, तुमी घेता? — ते मातीतून खाली झिरपते म्हने. डॉक्टरनंबी हेच इचारलं. मी म्हटलं, आमचा मळा दूर हाये पंपापासून... हे लिहू नका हो भाऊ. वर्षारानी बाजूलेच उभी व्हती. तवापासून बोलत नाही माह्याशी. फोन लावला तं दिनेश उचलते, म्हनते, पोरगी ऑक्सिजनवर हाये अजून, फोन ठेव.

झाकन घट्ट लावा. — थांबा, हे पाहा, नखानं खरडलं तं खाली लालच हाये. सरपंच म्हनते मले मालूम नाही. तुमचा हापिस म्हनते आमी नाही सांगतलं. रंग मारनारा म्हनते, हाती डबा देल्ला, मी मारला. आता जा तुमी. त्याच्या हाती निळा डबा कोनं देल्ला, हे कोनीच सांगत नाही.